दोघांचा शुक्रवार

५ जाने., सोम.
आजपासून तहसील कार्यालयात चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग सुरू. तीन महिने. सोम. ते गुरु. सकाळी साडेआठ ते संध्या. सात, मग तीन दिवस सुट्टी. कार्यालयात लग्नघराची कळा. मी मात्र मनातल्या मनात एकच वार मोजतेय. सुनीलच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, मला आजवर शनि-रवि. लग्नाला अकरा वर्षं झाली. सणवार सोडले तर नवरा-बायकोला घरात एक अख्खा दिवस मिळालेला नाही.

९ जाने., शुक्र.
हा सकाळी सहालाच बंद कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या ओव्हरटाइमला गेला. ठेकेदाराला शब्द दिलाय म्हणे. शुक्रवारी रिकाम्या घरात करमत नाही म्हणून जातो, ते ठाऊक आहे. पण आज घर रिकामं होतं का? रागाच्या भरात सगळे डबे घासून काढले.

२३ जाने., शुक्र.
आज थांबला. सकाळभर दोघंही परक्याच्या घरी आल्यासारखे. मी केर काढायला गेले की हा नेमका मधे. त्याने टीव्ही लावला की माझं डोकं उठतं. शेवटी बाजारातून बोंबील घेऊन आला आणि स्वतःच साफ करायला बसला. इथल्याच माहीमचा कोळी तो. मला म्हणतो, "तू ऱ्हाऊ दे, तुला नाय जमत." म्हणजे अकरा वर्षं माझे बोंबील हा मुकाट गिळत होता! हसून हसून पुरेवाट. जेवून दोघंही ढाराढूर. किती वर्षांनी इतकं हलकं वाटलं.

१३ फेब्रु., शुक्र.
माहीमला सासूबाईंकडे. संध्या. किनाऱ्यावर चाललो. बरं वाटलं, फार बरं.

९ मार्च, सोम.
मासवणच्या एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी आल्या. याआधी दोन शुक्रवार कुलूप बघून परत गेलेल्या. बोईसरला कंपनीत कामाला आहेत, आज खाडा करून आल्या. "आमची कंपनी शुक्रवारीच बंद ऱ्हाते, बाय. मंग आमी कवा येवाचा?"
चिडल्या असत्या तर परवडलं असतं. दाखला हातोहात करून दिला. माझ्या घरातलंच माणूस त्याच सुट्टीवर जगतं आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही.

२४ मार्च, मंगळ.
प्रयोगाचा अभिप्राय लिहायचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं. 'नागरिकांची गैरसोय' हा रकाना. शेजारचे पाटील म्हणाले, निरंक टाका आणि मोकळ्या व्हा. तासभर पेन हातात धरून बसले. मग लिहिलं: औद्योगिक कामगारांना शुक्रवारीच सवड असते, सबब सुट्टीचा वार बदलावा किंवा शुक्रवारी एक खिडकी चालू ठेवावी. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, सही केली.
खिडकीवर कोणाला बसवतील ते सांगायला नको. दाखले माझ्याकडेच. तरी सुटल्यासारखं झालं. निरंक लिहिलं असतं तर झोप लागली नसती.

२७ मार्च, शुक्र.
आदेशाचा पत्ता नाही. कोणी म्हणतं मुदतवाढ, कोणी म्हणतं वार बदलणार.
सकाळी सुनीलला ठेकेदाराचा फोन आला. मी ओट्याशी चहा टाकत होते. हा सांगत होता, "नाय, आज नाय. शुक्रवारचं आता कवाच विचारू नका. बायको घरी असते."
डोळे भरून आले. अभिप्रायात काय लिहिलंय ते त्याला अजून सांगितलेलं नाही. चहा झाला की सांगते.