पावणेपाचची गाडी

मम्मी,

आधीच सांगते, लिहिण्यात लय चुका असतील, तेवढ्या माफ कर. नववीतनं शाळा सुटली तेव्हापासून हातात पेन नाय. हे पण मोबाईलवर एका अंगठ्यानं टाईप करते, बसमधी उभी राहून, दुसऱ्या हातानं दांडी धरून. एक ओळ होते तोवर निमाणीचा स्टँड येतो. म्हणून तीन दिवस झाले तरी हे संपत नाय. तू होतीस तेव्हा मी नऊ वर्षांची, आणि तुझ्याशी काय, कुणाशीच बोलायची नाय. अजून पण नाय बोलत. पण मला तुझा राग आलाय मम्मी. लय जुना राग हाय, आणि या आठवड्यात तो जरा वेगळाच झाला, म्हणून लिहिते.

तुझं काम आता मी करते. तेच घर, इंदिरानगरचं, तिसरा मजला. तू गेल्यावर सहा वर्षांनी त्यांचा पप्पांना फोन आला, "मुलगी काय करते हो तुमची?" पप्पा म्हणाले, "घरीच हाय." झालं, माझं ठरलं. तू त्यांना ताई म्हणायचीस, मी मॅडम म्हणते. त्या अजून सिन्नरच्या कंपनीतच जातात. त्यांची मोठी मुलगी, जिला तू क्लासला न्यायचीस, ती माझ्याच वयाची ना, ती आता पुण्याला होस्टेलवर बारावी करते. आणि तू गेल्यावर त्यांना एक मुलगा झाला. त्याला सगळे बाबू म्हणतात. सात वर्षांचा हाय, भित्रा हाय, लिफ्टमधी पण माझा ओढणीचा कोपरा धरतो.

सकाळी स्वयंपाक करून मी फाट्यावर येते, दिंडोरीकडनं येणारी गाडी पकडते, निमाणीला उतरते, तिथनं सिटी बस. द्वारकेच्या चौकात अडकली की अर्धा तास कुठंच जात नाय. दोनला बाबूची स्कूल बस येते, त्याला जेवायला घालायचं, तीनला अबॅकस, तिथनं पळत घरी, स्केट्सची पिशवी घ्यायची, साडेचारला स्केटिंग, सहाला तबला. तबल्याच्या क्लासमधनं मॅडम त्याला घेतात आणि मी सुटते. घरी पोचायला साडेआठ. क्लासबाहेर बाकीच्या मुलांच्या आया बाकावर बसतात, मी भिंतीजवळ उभी राहते. एक काकू मला रोज म्हणतात, "अगं बोल की काहीतरी! त्या बाबूला पण मुकं करून ठेवशील." सगळ्या हसतात. मी पिशवीची चेन लावते, उघडते, परत लावते.

तू पण तिथंच उभी राहायचीस का गं?

कारण मला एवढंच माहीत होतं की तू दमून यायचीस, आणि आपल्या घरी मोठ्यानं हसायची पण नाय. चौथीतल्या गॅदरिंगचं मी कधी विसरणार नाय. आमचा डान्स होता. नऊवारी दुसऱ्या कुणाची तरी, लय मोठी. तू म्हणालीस, मी पिना आणते, गजरा आणते, पाचपर्यंत येते, बाईंना नेसवायला सांगू नको, मी नेसवते. मी कुणालाच हात लावू दिला नाय. शाळेच्या गेटवर उभी राहिले, आमचं गाणं वाजलं, संपलं, बाई ओरडल्या, "अगं ध्यान, तुझ्यापायी एक जागा रिकामी राहिली स्टेजवर!" तू आलीस तेव्हा खुर्च्या उचलत होते. म्हणालीस, "गाडी नाय मिळाली." गजरा तुझ्या पिशवीत चेंगरलेला. मी तो घेतला नाय. पुढच्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तू गेलीस, आणि मी ठरवून टाकलं की बिचारीला खरंच गाडी नसेल मिळाली. मेलेल्या माणसावर रुसता येत नाय ना.

मग या दिवाळीत मॅडमची मोठी घरी आली होती. मी बाबूचा डबा घासत होते, ती ओट्याला टेकून उभी. मला म्हणाली, "तुझी आई काय भारी शिट्टी मारायची गं!" मी म्हटलं, "कोण?" म्हणाली, "मावशी! दोन बोटं तोंडात घालून. मी स्केटिंगच्या सिलेक्शनला पहिली आले ना, सगळे पालक नुसते टाळ्या वाजवत होते आणि मावशींनी अशी शिट्टी मारली की सर पण दचकले. पदर कमरेला खोचून नाचल्या त्या. तुला नाही शिकवली?" मी नाय म्हटलं. ती म्हणाली, "थंडीत होतं ते, नाताळच्या आसपास." आमचं गॅदरिंग पण तेव्हाच असायचं. तोच दिवस होता का, ते मी विचारलं नाय. तिला काय माहीत असणार. पण मी डबा तसाच फेसासकट ठेवून बाथरूममधी जाऊन बसले. तुझा दमलेला चेहरा आमचा आणि शिट्टी तिची. ही कुठली वाटणी?

आता आपल्या लहानीचं सांगते. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची, तुला ती फोटोतनंच ओळखते. सहावीत हाय, दिंडोरीच्या शाळेत, आणि खोखोमधी तिच्यासारखी पोरगी नाय. खांबाला हात लावून अशी वळते की पुढचीला कळत पण नाय. तालुक्याच्या टीममधी घेतली तिला. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, सहा वाजेपर्यंत. पण सरांचा नियम हाय, मुलगी एकटी सोडायची नाय, घरचं माणूस घ्यायला आलं पाहिजे. मागं एका मुलीला रस्त्यावर पिकअपनं उडवलं होतं, तेव्हापासून. आपलं गाव तिथनं चार किलोमीटर, आणि पप्पा दुसऱ्यांच्या बागेत फवारणीला. द्राक्षाला औषध संध्याकाळीच मारतात, ते कसे येणार? पहिल्यांदा कुणी गेलं नाय, तेव्हा सरांनी स्वतः गाडीवर आणून सोडली. दुसऱ्यांदा पण. मग मला फोन केला. "हे बघा ताई, मी रोज सोडू शकत नाय. गुरुवारी टीमचे फॉर्म जाणार. सव्वासहाला घरचं कुणी दिसलं नाय तर मी समजेन तुम्हाला नको हाय. बाकीच्या पोरी वाट बघून बसल्यात." मी फक्त "हो सर, हो सर" केलं.

मॅडमला सांगायला मला तीन दिवस लागले. तोंड उघडायचं आणि पाणी पिऊन बंद करायचं. शेवटी बुधवारी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं मग आधी नाही का सांगायचं! उद्या मी चारलाच येते, नक्की." लहानीनं रात्रीच बूट धुवून चुलीजवळ ठेवले.

गुरुवारी चार वाजले, सव्वाचार वाजले. मी बाबूला घेऊन स्केटिंगला गेले. मॅडमचा फोन आला, सिन्नरच्या रस्त्यावरच ट्रक बंद पडलाय, हलत नाय काही. मला पावणेपाचची सिटी बस मिळाली तरच पुढची दिंडोरीची गाडी मिळणार होती, आणि सव्वासहाला कशीबशी मैदानावर पोचले असते. त्याच्यानंतरच्या कुठल्याच गाडीचा उपयोग नव्हता.

पोचले नाय. घरी गेले तेव्हा लहानी ओट्यावर बसलेली, पायात बूट नाय, हातात. चालत आलेली. साडेसहा वाजून गेल्यावर सरांना म्हणे तिनं खोटंच सांगितलं की दीदी आली, फाटकाबाहेर उभी हाय, तेव्हा त्यांनी सोडली. मी विचारलं, "नाव?"

"कापलं. दुसरीचं घातलं."

"काय म्हणाले सर?"

"काय नाय. म्हणाले, तुझ्या दीदीला दिसत नाय का गं घड्याळ."

पप्पा आतनं आले, अंगाला अजून औषधाचा वास. "तू सांगितलं होतं ना त्यांना?"

मी म्हटलं, "सोडलं नाय मॅडमनी."

पप्पा मग लय बोलले. या लोकांना आपल्या पोरी म्हणजे काय वाटतात, तुझ्या मम्मीला पण असंच राबवलं, उद्यापासून जाऊ नको. आणि लहानी उठली, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "जाऊ दे दीदी. तू तरी काय करणार. मम्मीला पण नसतील सोडत." मला पाणी आणून दिलं तिनं. चार किलोमीटर चालून आलेल्या पोरीनं.

खोटं होतं मम्मी. मॅडमनी सोडलं होतं. फोनवर त्याच म्हणाल्या, "तू थांबू नकोस, निघ. बाकावरच्या काकूंशी मी बोलते, त्या बाबूला तबल्याला सोडतील. तुझ्या बहिणीचं जाऊ देऊ नकोस." काकूंनी लांबनं मला हात पण केला, जा म्हणून. मी पिशवी खांद्याला लावली. बस स्टॉपवर आलेली दिसत होती, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. आणि बाबू, जो तीन महिने रिंकचा कठडा सोडत नव्हता, त्यानं कठडा सोडला. एकच हात आधी. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, एवढा एक राऊंड बघते. त्यानं दुसरा हात सोडला. वाकडा-तिकडा, हात पसरून, जीभ बाहेर काढून तो पूर्ण गोल फिरून आला, पडला नाय, आणि सगळ्या रिंकला ऐकू जाईल असा माझंच नाव घेऊन ओरडला. मला कुणी असं मोठ्यानं कधी हाक मारली नव्हती. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मम्मी, मला लाज नाय वाटली. पहिल्यांदाच नाय वाटली. मी पण ओरडले, "अजून एक!" बस गेली ते मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं. मला कुणी बांधलं नव्हतं.

म्हणून तुझा राग वेगळा झाला म्हणते. आधी वाटायचं तू अडकलेली असायचीस. आता मला वाटतं तुला पण गाडी मिळत असणार, आणि तू ती जाऊ देत असशील. तिथं तू दमलेली नसायचीस. ते माझ्याकडनं माफ होत नाय. आणि मी लहानीला काय सांगू? खरं सांगितलं तर तिला दोघींचा राग येईल. नाय सांगितलं तर ती रोज मला असंच पाणी आणून देणार. शुक्रवारी सरांना फोन लावला, दोनदा रिंग वाजली आणि मीच कट केला.

हे कुठं पाठवायचं, ते पण नाय माहीत. तुझा जुना नंबर अजून हाय माझ्याकडं, पण तो आता दुसऱ्या कुणाला मिळालाय, फोटोत एक माणूस गॉगल घालून बुलेटवर बसलेला दिसतो. त्याला कशाला. राहू दे इथंच.

एक राहिलं. त्या दिवशी बाबू खाली बसून स्केट्स सोडत होता तेव्हा एका नवीन बाईंनी मला विचारलं, "तुझा भाऊ का गं?" आणि मी हो म्हटलं.

बाकी, शेजारच्या काकींची शेळी काल व्याली. तीन पिल्लं झाली, एक काळं, दोन काळी-पांढरी बांडी. तिन्ही जगलीत.