टाकाऊ धाटं

५ नोव्हेंबर

पत्रक छापून आलं. ‘शेतातला टाकाऊ माल पेटवू नका, आम्हाला द्या. त्याच्या कांड्या करून आम्ही कारखान्यांच्या भट्ट्या चालवू.’ मजकूर माझाच. ‘आम्ही’ लिहिताना जरा अंग चोरलं होतं — नोकरीला लागून दोन महिने तर झालेत. मॅनेजर खूश.

घरी वहिनीने वाचलं. म्हणाली, “भाऊजी, मक्याची धाटं टाकाऊ, हे कुणाला विचारून ठरवलंत? गाईला?”

हसलो. पण तिचं बरोबर आहे. दादा अर्धी धाटं पेटवतो, उरलेली अर्धी वर्षभर वहिनीची गाय खाते. हे दुसरं अर्धं पत्रकात कुठे बसवायचं?

७ नोव्हेंबर

गावात पत्रकं वाटली. “आधी घरची द्या की, साहेब.” ‘साहेब’ म्हणताना सगळ्यांचे दात दिसले.

८ नोव्हेंबर

दादाशी बोललो. तो लगेच तयार! मीच गडबडलो, पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली. धूर, हवा, ऊर्जा — त्याला कशाशीच देणंघेणं नाही. शेत लवकर मोकळं झालं की झालं. गाईपुरती अर्धी मागे ठेवू, म्हणालो. “तुमच्या कंपनीचं धाटं गोळा करायचं यंत्र अर्धंच शेत करतं का, ते विचार आधी.”

९ नोव्हेंबर

विचारलं. नाही करत.

१९ नोव्हेंबर

दादाचं बघून सगळं गाव आलं. शेतं दाढी केल्यासारखी गुळगुळीत. यंदा कुठेही धूर नाही. समाधान वाटलं, आणि ते खोटं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

वहिनी विकत वैरण शोधते आहे. कुणाकडेच शिल्लक नाही. हेही माझ्याच पत्रकाचं यश.

२७ नोव्हेंबर

गाय गाभण आहे. दुधावर वहिनी स्वतःचा वरखर्च भागवते, दादापुढे हात पसरत नाही. म्हणून धीर करून मॅनेजरकडे दोन ट्रॉल्या धाटं परत मागितली.

“तुम्हीच मागे घेतलीत तर गाव काय म्हणेल? आणि एकदा गेटातून आत आली की ती धाटं राहत नाहीत. ते इंधन.”

मी म्हणालो, “बरोबर आहे.” का म्हणालो? वाद नको म्हणून, की मला खरंच पटलं म्हणून — रात्र झाली तरी ठरत नाही. पहिलं असेल तर मी भित्रा, दुसरं असेल तर त्याहून वाईट.

४ डिसेंबर

कांड्यांची पहिली खेप कापड रंगवणाऱ्या कारखान्याने घेतली. जळल्या, पण राख वितळून भट्टीच्या जाळीवर दगडासारखी बसली. छिन्नी लावून काढावी लागली म्हणे. सगळा माल परत. त्यांचा भट्टीवाला फोनवर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

६ डिसेंबर

वहिनीने गाय विकली. न्यायला माणूस येणार म्हणून मी मुद्दाम लवकर निघालो. ती मागून दारापर्यंत आली. “भाऊजी, डबा राहिला.” एवढंच.

१२ डिसेंबर

मीटिंग. मॅनेजरला वाट सापडली. त्याच कांड्या, थोडा कोंडा मिसळून, पशुखाद्य म्हणून विकायच्या. हिशेबनीस म्हणाला, “पण आपण तर ऊर्जावाले.”

“मग? गाईला काय ऊर्जा लागत नाही?”

सगळे हसले. मीही हसलो. गावात वैरण उरलेली नाही, तेव्हा मागणी आहेच — ही मौल्यवान माहिती त्यांना माझ्याकडूनच मिळालेली. नवं पत्रकही मीच लिहायचंय.

१४ डिसेंबर

काल मॅनेजरने नमुन्याचं पोतं गाडीत ठेवायला लावलं. “घरच्या गाईला घालून बघा.” गाय गेली, हे मी सांगितलं नाही. वहिनीने मूठभर कांड्या हातात घेतल्या, वास घेतला, पोतं ओढत आत नेलं.

आज आंघोळीला पाणी चांगलं कढत होतं.

“छान जळतात हो,” ती म्हणाली.