काठीचं टोक थरथरलं पाहिजे

ती. साडूभाऊंस,

साष्टांगाला कंबर तयार नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं का? ताईंचा राग निघाला का? इकडे सगळे जिवंत आहेत. हे वाक्य मी सवयीने नव्हे, मोजून लिहितो आहे.

आधी तक्रार. तुमच्या नावेच्या मधल्या फळीतून एक खिळा डोकं वर काढून बसला आहे. आयुष्यात पुष्कळांनी मला टोचून पाहिलं, पण इतक्या नेमक्या जागी कुणी नाही. नाइलाजाने नावेतलं एकुलतं एक तरंगतं जाकीट मी बुडाखाली घेतलं. (मागच्या वर्षी तुम्ही तेच घातलंत, तेव्हा चारचौघांत मी तुम्हाला ‘बालवाडीतलं बाळ’ म्हणून हसलो होतो. त्यामुळे ते अंगात घालायची सोय उरली नव्हती, बुडाखाली घ्यायचीच होती.)

तर, तुमचा पाय मोडल्यामुळे सासरेबुवांना मासे धरायला न्यायचा मान माझ्याकडे आला. तुमच्या चिठ्ठीत दोनच ओळी: गळाला लावलेला खोटा मासा नावेमागे चालण्याच्या वेगाने ओढा, वेग जमला की गळाच्या काठीचं टोक थरथरतं. साडूभाऊ, चालण्याच्या म्हणजे कुणाच्या? तुमची मेहुणी माहेरी जायला निघते त्या, की तिथून परत येते त्या? इंजिन सासरेबुवांकडे, काठी माझ्याकडे, खाली चाळीस फूट काळं पाणी. वेग वाढवला की खोटा मासा वर येऊन कुशीवर लोळे (जेवणानंतर आमचे हेडक्लार्क लोळतात तसा). कमी केला की ओंडक्यासारखा मुकाट मागे येई. टोक मात्र दोन्ही वेळा थरथरत होतं. ‘जमलं!’ मी ओरडलो. त्यांनी वेग उतरवला. थरथरतंय. आणखी उतरवला. थरथरतंयच. शेवटी त्यांनी इंजिनच बंद केलं. तळ्याच्या मधोमध नाव थांबली, पाणी थांबलं, वारा थांबला, आणि टोकाचं आपलं चालूच.

त्यांनी टोकाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटांकडे. “जावईबापू, तुम्ही कॉलेजात पोहण्यात दुसरे आला होतात ना?” (मुलगी पाहायला आलो तेव्हा मी तसं म्हणालो होतो. बक्षिसाचा पेलाही दाखवला असता, पण तो कॅरमचा होता.) पाणी नावेच्या काठापासून वीतभर खाली. इतक्या जवळून खोटं बोलवेना. म्हटलं, मला पोहता येत नाही.

त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “मलाही नाही हो येत. तुम्ही आहात म्हणून तर बसलो.”

साडूभाऊ, लग्नाच्या बावीस वर्षांत एवढा मी कधी घाबरलो नव्हतो. माझ्या थापेवर विश्वास ठेवून एक म्हातारा माणूस चाळीस फूट पाण्यावर येऊन बसला होता. मी जाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. दोनदा ‘नको’ म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. बंद बांधायला मला चार खेपा लागल्या. मग मी खिळ्यावर बसलो.

परतताना वेग एवढाच, की नाव हलू नये पण काठ जवळ यावा. काठीचा तर विसरच पडला होता. एकाएकी ती पायाखालून सरकली, नाव कलली, खालून काहीतरी जबरदस्त ओढू लागलं. आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, “कापा!” दोरा कापला. मासा गेला, तुमचा खोटा मासाही घेऊन गेला. पण योग्य वेग सापडला, लिहून ठेवा: पोहता न येणारी दोन माणसं घराकडे निघतात, तो.

थोरांना नमस्कार सांगावा, लहानांना पाण्यापासून लांब ठेवावं.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. सासरेबुवांनी माझी लाज राखली. घरी सांगितलं, जावयाने पाण्यात उडी मारून हा एवढा मासा कवेत धरला, थोडक्यात निसटला. परिणामी रविवारी सगळं सासर माझी उडी बघायला तळ्यावर येतं आहे. तुम्हाला अनुभव आहे, तरी पाय कसा मोडतात ते उलट टपाली कळवावं.

ता. क. दुसरा. राहू द्या, कळवू नका. सोबत नवा खोटा मासा आहे, जुन्याच रंगाचा. खिळा ठोकून आत घातला. सासरेबुवांना दुसरं जाकीट आणलं. तुमचं मी रविवारी अंगात घालणार आहे, सगळ्यांसमोर, बंद बांधून. प्लास्टर असलं तरी काठावर खुर्ची टाकून बसा. मागच्या वर्षीचं तुमचं एक हसू माझ्याकडे राहिलं आहे, ते घेऊन जा.