घट्ट झालेलं पेडल

५ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पिल्लू मजेत असाल असं समजते, कारण कळवायची तसदी तू घेत नाहीस. माझा खोकला गेला. शेजारीण अजून तेवढंच बोलते.

तू पाठवलेलं क्लचच्या रबरांचं किट पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि बाबांनी दिवसभर ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. रबरं नखानं दाबून बघितली आणि म्हणाले, "माल चांगलाय. अक्कल आहे म्हणायची." त्यांच्या तोंडून तुझं कौतुक! मला तर खुर्चीच धरावी लागली.

काम काल मीच केलं. बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा तो मास्टर सिलिंडर उतरवून उघडला तर आतली रबरं कडक होऊन कडेला फाटलेली. म्हणूनच ऑइल झिरपून पेडलखालचं पायपुसणं ओलं व्हायचं. पिस्टन पुसायला मी पेट्रोलचा बोळा उचलला, तर केवढ्यानं ओरडले! "अगं, रबर फुगेल! एवढी वर्षं माझ्या हाताखाली काय झोपा काढल्यास?" अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा इतका खणखणीत आवाज पहिल्यांदा ऐकला. शिव्या खाऊन बरं वाटलं बघ.

आता तुला नीट सांगायलाच हवं. डावा पाय सुधारतोय असं मी तुला लिहीत आले. डॉक्टर तसं कधी म्हणालेच नाहीत. जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं, असं म्हणाले. पाय सुधारतोय हे बाबांचं म्हणणं. रोज सकाळी गाडीत बसून ते क्लच दाबायचे. पेडल पार तळाला टेकायचं. मला हाक मारायचे, "बघ, गेलं की नाही खाली? येतोय पाय!" गिअर पडत नव्हता, तो काय, रबरं बदलली की पडणार. मग स्वतः गाडी चालवत तुझ्याकडे यायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी म्हटलं, मी नेते ना तुम्हाला. "शेजारी बसून जायला मी काय गाठोडं आहे?" आणि तिकडे तुझं ते एकच म्हणणं, बाबा आधी माझ्या दारात येऊ देत, मग बोलू. धन्य आहात दोघं!

क्लचच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली हवा सोडायचा निपल उघडायचा. बाबा हट्टानं सीटवर बसले. मी गाडीखाली गेले. "दाबा!" "दाबलं!" फसफसून बुडबुडे आले. पुन्हा दाबलं, पुन्हा आले. आम्ही दोघंही खुशीत होतो रे. बुडबुडे संपून स्वच्छ ऑइल यायला लागलं तसा मी निपल आवळला आणि म्हटलं, आता एकदा दाबा, क्लच ढकलणारी खालची दांडी सरकते का बघते.

दांडी हलली नाही.

"बाबा, दाबा की."

"दाबलंय!"

"अहो, काही हलत नाहीये इथे."

"मग हवा राहिली असेल. तुझंच काहीतरी चुकलंय!"

मी सरपटत बाहेर आले. बाबा दोन्ही हातांनी डावा गुडघा खाली रेटत होते. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. बूट पेडलवर, आणि पेडल होतं तिथेच, वर.

मूर्खासारखी मी वाकले आणि ते हातानं दाबून बघितलं. छान खाली गेलं, छान वर आलं. दांडी सरकल्याचा आवाज त्यांनीही ऐकला. सिलिंडर गळका असला किंवा निपल उघडा असला की पेडल लहान मूलसुद्धा दाबेल, दुरुस्त झालं की खरा जोर लागतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. जन्मभर गिऱ्हाइकांना जे सांगितलं ते स्वतःच्या पायाखाली त्यांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, की मी बघितलंच नाही, देव जाणे.

त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाय पेडलवरून खाली घेतला. मग म्हणाले, "मला उतरव." उतरव, असं ते कधी म्हणत नाहीत.

आज सकाळी गाडीकडे फिरकले नाहीत. चहा निवल्यावर म्हणाले, "त्याला लिही, किट चुकीचं निघालं. गाडी गळतेय अजून. दुसरं आलं की निघतोच म्हणावं." मी मान हलवली आणि हे लिहायला बसले.

किट अगदी बरोबर होतं, बारक्या. गाडी मी काल फिरवून आणली, लोण्यासारखे गिअर पडतात. बाबा तुझ्या दारात येणार नाहीत, आता कधीच नाही. तू ये म्हणून मी लिहीत नाही. लिहून झालंय ते, आणि तू कोणाचा मुलगा आहेस ते मला माहीत आहे.

दुसरं किट मात्र पाठव. ते वाट बघताहेत.

त्यांच्याजवळ राहिलेली,
तुझी ताई