आईंच्या नावावरची गाडी

प्रिय आई,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, पण त्याच्यापुढे ‘आम्ही येथे कुशल’ याखेरीज काही सुचेना, म्हणून तो कागद चिमणीला चित्र काढायला देऊन टाकला. प्रिय म्हटलेलं चालेल ना? नाहीतरी तुम्ही मला ‘सूनबाई’ म्हणालात ते फक्त पहिल्या दिवशी, पाहुणे घरात होते तोवर. दुसऱ्या दिवसापासून जी ‘ए बाई’ झाले ती आजतागायत.

चिमणी मजेत आहे. बूट पुन्हा लहान झाले. पोहायला शिकते आहे, पाण्यातून बाहेर काढायला रागवावं लागतं. तुमच्यासारखीच हट्टी आहे, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

तुम्ही दर फोनला विचारता, झाला का गं गाडीचा विमा, आणि मी ‘होईल हो’ म्हणून विषय बदलते. आज सगळं सुरुवातीपासून सांगते. लांबण लागेल. मधेच कुठे अडखळले तर सांभाळून घ्या, कारण सांगायचं आहे ते नुसतं विम्याचं नाही.

माझं इथलं काम तुम्हाला माहीत आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, साखर तपासायची, गोळ्या डब्यात भरून ठेवायच्या. एक घर गावाच्या या टोकाला तर दुसरं त्या टोकाला. पहिला हिवाळा मी बसनेच काढला. थांब्यावर उभी राहून राहून पाय लाकडासारखे व्हायचे आणि पोचेपर्यंत आजोबा स्वतःच पट्टी सोडून बसलेले असायचे. शेवटी मोठ्या सिस्टरांनी बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांचाही नाइलाज होता. गाडी घे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून रुग्णालयात रात्रपाळीला जा, असं त्यांनी सांगितलं. रात्रपाळी म्हणजे चिमणी रात्रभर घरात एकटी. शेजारच्या आजी प्रेमळ आहेत, पण त्यांना दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, तुम्ही तिथे झोपला नसतात.

गाडी लगेच मिळाली. जुनी, छोटी, निळी. मागच्या सीटला कुत्र्याचा वास येतो, तो काही केल्या जात नाही. परवाना तर आधीच इथली परीक्षा देऊन मिळवला होता. पण विम्याशिवाय गाडी दारातून हलवायची सोय नाही, आणि विमा म्हणजे काय प्रकरण आहे ते मला तिथे कधी कळलंच नव्हतं. पहिल्या कंपनीतल्या मुलाने फोनवर विचारलं, इथे किती वर्षं गाडी चालवता? म्हटलं, आता सुरू करणार. आणि आधी? म्हटलं, बारा-तेरा वर्षं तरी झाली. तो गोड आवाजात म्हणाला, ती धरत नाहीत. मग त्याने जो आकडा सांगितला तो मी दोनदा विचारून घेतला, मला वाटलं तो मला त्यांचा दुसरा फोन नंबर देतोय. अहो, गाडीच्या किमतीपेक्षा विमा जास्त! ज्या दिवशी इथे विमानातून उतरले त्याच दिवशी मी जन्मले, असा त्यांचा हिशेब. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत मला उभं केलं. दुसऱ्या कंपनीचा आकडा त्याहून वर, का तर गाडी रस्त्यावर उभी राहणार. तिसरीला आमची गल्लीच पसंत नव्हती. मी एवढी चिडले की फोन ठेवून स्वयंपाकघराची सगळी फडताळं घासून काढली.

मग एका कंपनीतली बाई म्हणाली, तिकडच्या विमा कंपनीकडून लिहून आणा की इतक्या वर्षांत एकदाही भरपाई मागितली नाही, आम्ही ते विचारात घेऊ. माझा जीव भांड्यात पडला. चालवण्यात माझा हात कुणी धरणार आहे का? आणि तुम्ही किती धावपळ केलीत! भर उन्हात दोन हेलपाटे, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तुम्ही त्यांच्याच खुर्चीत बसून राहिलात. शिक्क्यासकट पत्र मिळवलंत आणि फोनवर मला ते विजयी आवाजात वाचून दाखवलंत. त्या पत्राचं पुढे काय झालं हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही. आई, ते पत्र तुमच्या नावाचं होतं.

असणारच. आपल्या घरात जी मोठी वस्तू येईल ती आईच्या नावावर, हा तुमच्या लेकाचा कायदा. फ्रिज तुमच्या नावावर, शिलाई मशीन तुमच्या नावावर, मग गाडी तरी दुसऱ्या कुणाच्या नावावर कशी येणार? त्याला स्वतःला गाडी चालवायचा कंटाळा. शेजारी बसला की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा घोरायला लागायचा. चालवायचे मी, आणि तुम्ही मागे बसून वरची कडी घट्ट धरून ‘हळू, हळू’ म्हणायचात. आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही की विमाही त्याच नावाने धावतो. पत्र वाचून ती बाई भारावून गेली. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही, अशा चालकाला आम्ही आनंदाने अगदी स्वस्तात विमा देऊ, या बाईंशी बोलता येईल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बाईंना सायकलही येत नाही. मग दोघीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आलं. विम्याचं कमी आणि त्या घोरण्याचं जास्त. चार वर्षं झाली आई, अजून असं मधेच होतं. तुमचंही होत असेल, तुम्ही बोलत नाही.

आता ज्याने मार्ग दाखवला त्याच्याविषयी. त्याचा धंदा कुलपांचा. कुलपं बसवायची, अडकलेली उघडायची. माझ्या एका पेशंट आजीबाई आतून खिटी लावून न्हाणीघरात पडल्या होत्या आणि मी बाहेरून हाका मारत होते, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला बोलावलं. त्याने दाराला साधा चरा न पाडता दार उघडलं आणि आत न येता पाठ फिरवून उभा राहिला, आजीबाईंची लाज राखायला. मी त्यांना उठवून कोरडे कपडे घातले तोवर तो तिथेच होता. मग म्हणाला, तुमची बस गेली असेल, पुढच्या घरी सोडतो. तोही बाहेरूनच इथे आलेला, माझ्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी, भलत्याच देशातून. आम्ही दोघं तिसऱ्याच भाषेत बोलतो आणि दोघंही चुका करतो, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. वाटेत मी विम्याचा सगळा पाढा वाचला. त्यालाही सुरुवातीला असंच छळलं होतं म्हणाला.

त्याच्याकडून कळलं की एक डबी मिळते. साबणाच्या वडीएवढी असेल. गाडीत बसवायची, मग ती तुमचा वेग बघते, ब्रेक कसा मारता, वळण कसं घेता, सगळं कंपनीला कळवत राहते. तुमचा देश कुठला आणि गल्ली कुठली याच्याशी तिला घेणं-देणं नाही. नवीन माणसाने अशी डबीवाली कंपनी शोधायची. शिवाय जिथे तिथे घाईने हो म्हणायचं नाही, त्याच कंपनीला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, आकडा बदललेला असतो. मी डबी घ्यायची ठरवली. आकडा एकदम खाली आला. अजून थोडा आवाक्याबाहेर होता, पण तोंडचं पाणी पळेल असा राहिला नाही. ती डबी म्हणजे तुम्हीच हो, मागच्या सीटवर बसलेल्या. फक्त वाटेत वेलदोडा देत नाही.

मधल्या एका दलालाने सोपी युक्ती सांगितली होती. गाडी त्या कुलूपवाल्याच्या नावाने दाखवा, मुख्य चालक तोच असं लिहा, निम्म्यात काम होईल. मी मोहात पडले होते, खोटं कशाला सांगू. महिनाअखेर जवळ आली होती. पण तो ठाम नाही म्हणाला. उद्या कुठे धडक बसली तर कंपनी हात वर करेल आणि तुझी नोकरी, परवाना, पोरगी, सगळंच अडचणीत येईल, असं त्याने समजावलं. मग जरा वेळाने म्हणाला, दुसरा चालक म्हणून मात्र माझं नाव खरोखर घालता येईल, कारण शनिवारी मी खरोखरच चालवीन. शनिवारी माझं काम एकाच जागी, रुग्णालयात असतं, गाडी लागत नाही, आणि चिमणीला पोहायला न्यायचं असतं. त्याची गाडी अवजारांनी भरलेली, तिला बसायला जागा नाही. जुना अनुभवी माणूस दुसरा चालक असला की पहिल्याचाही दर उतरतो, ही इथली रीत.

शेवटचा फोन मी घरूनच केला. तो तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खणाचा ढिला स्क्रू आवळत होता आणि चिमणी टेबलाखाली बसून त्याला स्क्रू मोजून देत होती. फोनवरची बाई भराभर विचारत होती आणि मी भराभर सांगत होते. मग तिने विचारलं, दुसऱ्या चालकाशी तुमचं नातं काय? आणि तिनेच वाचून दाखवलं: पती, आईवडील, भाऊबहीण, भाडेकरू, सहकारी, मित्र. आई, मी ती यादी मनात पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. ती बिचारी हॅलो, हॅलो करत होती, तिला वाटलं फोन कटला. शेवटी मी म्हटलं, मित्र. यात खोटं काहीच नव्हतं. तरी खणापाशी स्क्रू फिरायचा थांबला ते मला पाठमोरीलाही कळलं. विमा झाला. आकडा परवडणारा. रात्रपाळी टळली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं नव्या विम्याच्या गाडीतून गावाला एक चक्कर मारून आलो.

नंतरच्या आठवड्यात त्याने लग्नाचं विचारलं. तो माझ्यापेक्षा थोडा मोठा आहे, डोक्यावर केस जेमतेम, बोलणं त्याहून कमी. लग्न राहूनच गेलं म्हणतो. त्याने तुमच्या लेकाबद्दल सगळं विचारून घेतलं आहे, आजारपणाचंही, आणि भिंतीवरच्या त्याच्या फोटोची वाकडी चौकट त्यानेच सरळ केली. चिमणीला मी आडून आडून सांगितलं, तर तिने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून एकच विचारलं: आजीला सांगितलंस? मी म्हटलं, नाही. मग आधी तिला सांग ना, म्हणाली आणि गेली. मी त्याला हो किंवा नाही अजून म्हटलेलं नाही. माझ्या आईलाही यातलं काही माहीत नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

आई, मी परवानगी मागत नाही. मी त्याला हो म्हणणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी बहुधा हो म्हणेन, पण मग आयुष्यभर ते टोचत राहील. मला मागायचं आहे ते निराळं. लेक गेला तेव्हा तुमच्या बहिणींनी सांगितलं होतं, आता सून तुमची राहिली नाही, ती माहेरी जाईल. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलात. तेव्हा राहिले तशीच मला आताही राहायचं आहे. चिमणीच्या नावापुढे तिच्या बाबांचंच नाव राहील, आणि सुट्टीत ती तुमच्याचकडे येईल. मी या माणसाशी लग्न केलं तरी तुम्ही माझ्या सासू राहाल का? एवढं विचारायला हे पत्र लिहिलं. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही लगेच ‘हो गं बाई, सुखी राहा’ म्हणून मोकळ्या झाला असतात आणि फोन ठेवून एकट्याच रडत बसला असतात. पत्राची घाई नसते. आधी हवं तेवढं रडून घ्या. माझा राग आला तर दोन दिवस माझ्याशी बोलू नका, मला कळेल. मग उत्तर द्या.

तुमचीच,
सून