अंबूबाईंना म्हटलेले ‘ठेवा’

बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. फवारणीचा पंप साबणाच्या पाण्याने तीनदा धुतला, अंगणात उन्हाला पालथा घातला, हात कोपरापर्यंत धुतले आणि मग हे लिहायला बसलो.

मी सम्राट रामभाऊ ओव्हाळ, वय २७ वर्षे, धंदा घरगुती कीड नियंत्रण, राहणार हिर्डोशी, तालुका भोर, जिल्हा पुणे, माझ्या मागे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मी नशापाणी करत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. काळजीचे आहे, पण ते लहानपणापासूनचे आहे आणि त्याला कायद्यात दडपण म्हणत नसावेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कारण असे की, सोळा लिटरचा पंप सात वर्षे पाठीवर वागवून मला हर्निया झाला आहे. सोमवारी, २४ तारखेला, पुण्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. मग त्यांनी चार पानांचा फॉर्म सहीला दिला. त्यात ‘जिवाला धोका’ हे शब्द दोन ठिकाणी आहेत. डॉक्टर म्हणाले, “सगळे नुसती सही करतात हो, कोणी वाचत नाही.” मी दोनदा वाचला.

खरे सांगायचे तर हे मृत्युपत्र मी कलम ५ साठी लिहीत आहे. वेल्ह्याच्या अंबूबाईंना एक गोष्ट सांगायची आहे. पंधरा महिने झाले, ती मला तोंडाने सांगता आलेली नाही. आधीची कलमे हात स्थिर होण्यासाठी आहेत, पण तीही खरी आणि बंधनकारक धरावीत.

कलम १. घर. हिर्डोशीचे दोन खोल्यांचे घर वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. ते माझी आई सरूबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावे व नंतर माझी धाकटी बहीण माधुरी हिला मिळावे.

घराबरोबर एक सूचना. मागच्या खोलीची भिंत मातीची आहे. तिच्यावर मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली तर ती वाळवीची वाट आहे. आईला ती रेघ शेणाने सारवून झाकायची सवय आहे. झाकल्याने वाळवी जात नाही, फक्त दिसेनाशी होते. रेघ जमिनीत कुठून निघते ते शोधावे, तिथली ओल बंद करावी, मग औषध. पावसाळ्याच्या तोंडाला दिव्याभोवती पाखरे उडाली आणि खाली पंख पडले तर एक पाखरू उचलून बघावे. मुंगीला कंबर असते. वाळवीला कंबर नसते आणि तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात.

हे मला ठाऊक असते तर मी आज दुसरे काही असतो. माझ्या आजोबांचा १९४८ सालचा शाळेचा दाखला याच खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत होता. जातीचा दाखला काढायला आमच्या घरात तेवढा एकच जुना कागद. दहावी झाल्यावर ट्रंक उघडली तर वरून सगळे जसेच्या तसे दिसत होते. हात लावल्यावर कागदाचा भुगा झाला. ट्रंकेच्या तळाला गंजून भोक पडले होते आणि ट्रंक थेट जमिनीवर होती. आयटीआयची जागा गेली. मी पुण्याला एका औषध फवारणीच्या कंपनीत मदतनीस म्हणून लागलो. पहिल्या दिवशी मालकांनी विचारले, “या कामात का आलास?” मी म्हणालो, “वाळवीनं पाठवलं.” ते हसले. मी विनोद केला नव्हता.

म्हणून ट्रंक चार विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. हे मृत्युपत्र तिच्यातच राहील.

कलम २. बँकेत भोरच्या शाखेत जे असेल ते आईचे. मी कोणाचे देणे लागत नाही. तिने त्यातून माझ्यामागे गावजेवण घालू नये. तिला गुडघ्यावर बांधायचे दोन पट्टे घ्यावेत आणि ते वापरावेतही.

कलम ३. मोटारसायकल माझा चुलतभाऊ बंडू याला द्यावी. तो मनाने वाईट नाही. ऑपरेशनचे कळल्यावर पहिला तोच आला, आणि जाताना दारात म्हणाला, “तुजं काय बरंवाईट झालं तर धंदा म्या बघीन. गिऱ्हाइकं तुटू न्हाई देनार.”

बंडूला पंप देऊ नये. त्याने माझ्याबरोबर दोन महिने काम केले आहे. बाटलीवर जेवढे लिहिले असेल त्याच्या दुप्पट तो ओततो आणि वर रॉकेल घालतो. मी विचारले तर म्हणाला, “वास आल्याबिगर गिऱ्हाइकाला वाटत न्हाई काय मारलंय म्हून.” वास म्हणजे औषध नव्हे. हे वाक्य त्याला मोटारसायकलीच्या किल्लीबरोबर लिहून द्यावे.

कलम ४. पंप, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, झुरळांच्या जेलची पिचकारी, मोबाईलचे कार्ड, गिऱ्हाइकांची यादी आणि कामाच्या नोंदींची माझी निळी वही हे सर्व माधुरीला द्यावे. धंदा तिचा. दोन वर्षे ती माझ्याबरोबर येते. गादीची शिवण उलटून ढेकणाचे काळे ठिपके ती माझ्या आधी शोधते. औषध मोजायचा पेला ती डोळ्यासमोर धरून बघते, वरून नाही. पंपात आठ लिटरच्या वर भरू नये, एवढे तिने माझ्यावरून शिकावे.

बंडूला हे पटणार नाही. तो आईला म्हणाला होता, “काकी, बाईमानसाच्या पाठीवर पंप शोभतो का?”

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “लाकडाची मोळी शोभती, पान्याचा हंडा शोभतो, पंप तेवढा शोभत न्हाई व्हय रं?”

मी यात काही भर घालत नाही.

वहीबद्दल: ती घरोघरी वाचून दाखवायला माझी हरकत नाही. उलट वाचावीच. निम्म्या घरांना फवारणीची गरजच नसते, हे त्यांना सांगावे. झुरळे दिवसाढवळ्या दिसू लागली तर ती आत मावेनाशी झाली आहेत असे समजावे आणि आधी मोरीची गळती बघावी. पेन्सिल आत जाईल एवढ्या भोकातून उंदराचे पिल्लू येते, म्हणून भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावावे, चिंधी कोंबू नये. ढेकूण अस्वच्छ घरात होतात हे खोटे आहे. ते एसटीतून, पिशवीतून, पाहुण्याच्या वळकटीतून येतात आणि पाटलाच्या पलंगावरही चावतात. बाईला लाज वाटून ती सांगत नाही आणि तोवर ते वाढतात. माधुरीने घरात शिरल्यावर पहिले वाक्य हेच बोलावे. ढेकणाला एक फवारणी पुरत नाही. अंडी राहतात. दोन आठवड्यांनी परत जावे.

कलम ५. अंबूबाई, राहणार वेल्हे, वरची आळी, यांना सांगावयाची गोष्ट.

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४. मी वरवे बुद्रुकला एका घरी काम करत होतो. पाऊण वाजता अंबूबाईंचा फोन आला. जसे बोलणे झाले तसे लिहितो.

“सम्राट, ढेकनं लई चावत्यात रं. पोरगी रातभर खाजवती. कवा येतूस?”

“मावशी, शुक्रवारी येतो. तोवर गाद्या उन्हात टाका.”

“पावसाचं ऊन कुठलं आनू? गोळी हाय घरात, मागल्या सालची उरल्याली. ठेवू का खाटंखाली?”

“ठेवा. पण तेवढ्याने जाणार नाहीत.”

आमच्याकडे दोन वस्तूंना गोळी म्हणतात. एक कपड्यांच्या ट्रंकेत ठेवतात ती डांबरगोळी. दुसरी तांदळाच्या कणगीत पोरकिड्यासाठी ठेवतात ती. ही दुसरी हवेतली ओल लागली की विषारी वायू सोडते. त्या विषावर उतारा नाही. ती घरात वापरायला बंदी आहे, गोदामात परवाना असलेल्या माणसांनीच वापरायची असते, तरी बाजारात पुडीत बांधून सुटी मिळते. मला डांबरगोळी ऐकू आली.

दीड वाजता हात धुताना माझ्या लक्षात आले की डांबरगोळी उरत नाही. ती हवेत उडून जाते. मागल्या सालची उरलेली म्हणजे कणगीसाठीची, घट्ट बंद डबीत राखलेली.

फोन लागेना. त्यांच्या शेजारचा नंबर माझ्याजवळ नव्हता. मी गाडी काढली. वेल्ह्याला पोहोचायला पन्नास मिनिटे लागली. पावसामुळे दार लोटलेले होते. आत सडक्या मासळीसारखा वास होता. अंबूबाई आणि त्यांची सात वर्षांची नात शेफाली खाटेवर होत्या. पोरगीला उलट्या झाल्या होत्या. अंबूबाईंना उठता येत नव्हते. मी दोघींना ओढून पडवीत आणले आणि ओरडलो. त्यांचे दीर गेनबा शेजारून धावत आले, त्यांनी टेम्पो काढला. आधी सरकारी दवाखाना, मग पुणे. चार दिवसांनी दोघी घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, घर कौलारू होते, फटींतून वायू निघत राहिला, म्हणून वाचल्या.

गावाने माझा सत्कार केला. गेनबांनी शाल घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्याला पन्नास मैलांवरनं वास आला!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंतर तीस किलोमीटर आहे. मी तेही दुरुस्त केले नाही.

कोणी विचारलेच नाही की मला कळले कसे. ‘ठेवा’ म्हणणारा मी होतो. शब्दकोशात ठेवा म्हणजे जपून ठेवलेली ठेव, असाही अर्थ दिला आहे. माझ्याजवळ तो शब्द तसाच राहिला. शाल मी एकदाही पांघरली नाही, पण कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी उन्हात घालतो.

अंबूबाईंना माझ्या मृत्यूनंतर हे कलम वाचून दाखवावे व माझ्या पैशातून त्यांना घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे घेऊन द्यावेत. तांदूळ चांगला वाळवून, गार झाल्यावर भरला तर कणगी नको आणि गोळीही नको.

येथे मृत्युपत्र संपले. सही साक्षीदारांसमोर करायची म्हणून जागा कोरी ठेवली आहे.

पुरवणी. शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, वेल्हे, अंबूबाईंची पडवी.

शुद्धलेखन तपासायला मी कागद माधुरीला दिला होता. तिने एक वेलांटी दुरुस्त केली आणि पाचवे कलम बोटाने दाखवत म्हणाली, “दादा, हे मेल्यावर वाचायचं कशाला? वेल्ह्याला एसटी जाते की.”

मी म्हणालो, आज काम आहे. तिने त्या कामाच्या घरी फोन करून उद्या येते म्हणून सांगितले. तेव्हा आज आलो.

अंबूबाई नाचणी पाखडत होत्या. गेनबाही आले. मी कलम ५ उभा राहून वाचले. बसून वाचवेना. ‘ठेवा’ हा शब्द दोनदा वाचला. संपल्यावर अंबूबाईंनी सूप खाली ठेवले.

मग म्हणाल्या, “पोरगी म्हनत व्हती, आज्जे, वास येतुया, भाईर जाऊ. म्या म्हनलं, गप पड. सम्राटला इचारून ठेवलीया.”

हे मला माहीत नव्हते. शेफालीने सांगितले होते आणि माझ्या नावाने तिला गप्प केले गेले. मृत्युपत्रात हे लिहिणे भाग आहे, म्हणून लिहिले.

गेनबा म्हणाले, “वहिनी, हे कवा बोलली न्हाईस.”

“कुनाला बोलू? लेकाला? त्यानं पोरगी माझ्यापाशी ठिवली असती का?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन तू! मेल्यावर सांगनार व्हतास? मंग म्या शिव्या कुनाला घालायच्या व्हत्या? तुज्या फोटूला?”

आणि त्यांनी घातल्या. मोजल्या नाहीत. बराच वेळ चालल्या, मधेच त्या रडल्याही. मी उभाच होतो. मग त्या पाणी प्यायल्या, मलाही तांब्या दिला आणि म्हणाल्या, “आन तो कागुद. साक्षीदार पायजेत न्हवं तुला?”

मी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतो, असे भोरच्या दस्तलेखकाने बजावले आहे, आणि तुम्हाला दोन डबे लिहिले आहेत.

“मंग डबं खोड. जित्तेपनी आनून दे.”

त्याप्रमाणे कलम ५ मधील डब्यांचे वाक्य रद्द केले आहे. बाकी कलम तसेच राहील. डबे मी ऑपरेशनच्या आधी, म्हणजे रविवार, २३ तारखेपर्यंत, स्वतः पोहोचवीन.

वरील सर्व मजकूर मला मान्य असून मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

सम्राट रामभाऊ ओव्हाळ (सही)

साक्षीदार १. गेनबा, राहणार वेल्हे, वरची आळी (सही). माझ्यासमोर सही केली. तीस किलोमीटर, हे आता समजले.

साक्षीदार २. अंबूबाई, राहणार सदर (डाव्या हाताचा अंगठा). त्यांनी सांगितले तसे लिहिले: “पोरगं सुद्धीत हाय. माजा राग अजून गेल्याला न्हाई. तो जाईस्तवर ह्यानं जित्तं ऱ्हायचं, आन दर मयन्याला हितं येऊन ऐकून घ्यायचं. ह्यात खाडाखोड चालनार न्हाई.”

स्थळ: वेल्हे. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५. वेळ: तीन वाजण्यास पाच मिनिटे कमी.