अमेरिकेतून आलेला मंगळ

निरगुडसर,
फेब्रुवारी २००९

मामा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळच लिहिते.

श्रावणात माझा साखरपुडा झाला, तेव्हा पत्रिका तुम्हीच जुळवून आणली होती. ‘लई गुण जमत्यात, पोरी नशीब काढलंस,’ म्हणाला होतात. मग अमेरिकेतली एक बँक बुडाली. तिचं काम करणारी आमची पुण्यातली अख्खी टीम कंपनीने दिवाळीनंतर घरी बसवली. आणि आणे गावच्या पाव्हण्यांना, माझ्या होणाऱ्या सासरच्यांना, त्याच पत्रिकेत कडक मंगळ दिसला, सोयरीक मोडली.

इतके दिवस मी त्यांनाच बोल लावत होते. काल मामी बोलता बोलता बोलून गेली, मंगळ तुम्हीच सुचवलात. त्यांना म्हणालात, ‘नोकरी गेली म्हनून सोयरीक मोडली तर तुमचीच आब्रू जाईल. मंगळ हाय म्हना, मंग कोन इचारत न्हाई.’ त्या पाव्हण्यांचा कांदा ओतूरच्या बाजारात तुमच्याच गाळ्यावर विकायला येतो, हे मला तेव्हा आठवलं.

नोकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते. चिंचवडच्या एका कंपनीने परवा बोलावलंयसुद्धा. पण हा मंगळ आता सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत ठाऊक झालाय. तो कुठं नेऊन टाकू?

आईला भाऊ तुम्ही एकच, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पण एक ठरवलंय. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझं लग्न कधी झालंच, तर तुम्ही पाव्हण्यांच्या रांगेत बसा. माझ्या पाठीशी आई उभी राहील.

तुमची भाची,
हर्षाली